आमच्याकडे पुन्हा लागला

‘रि-रिलीज’ हा शब्द गेल्या तीन-चार वर्षांत इतका कानांवर येतो आहे, की सिनेमाच्या जगात काही तरी अगदी नवे घडते आहे असे वाटावे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत चित्रपटगृहे बंद पडली. ती उघडली तेव्हा दाखवायला पुरेसे नवे चित्रपट नव्हते आणि बघायला पुरेशी माणसेही नव्हती. मग जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन ऐंशी वर्षांचे झाले, त्या निमित्ताने ‘दीवार’, ‘डॉन’, ‘काला पत्थर’ पडद्यावर आले. पुढच्या वर्षी देव आनंद यांच्या जन्मशताब्दीला ‘जॉनी मेरा नाम’ आला. त्याच वर्षी ‘गदर’ आणि २०२४ मध्ये ‘करण अर्जुन’. वर्तमानपत्रांनी याला नवा प्रवाह म्हटले. आमच्या निपाणीत माझ्या वयाच्या कुणालाही मात्र हा शब्द ऐकून हसूच यावे. आमच्याकडे सिनेमा कधी ‘रिलीज’ झालाच नाही. तो नेहमी पुन्हाच लागला.

हे जरा नीट सांगायला हवे. निपाणी हे तेव्हा चिकोडी तालुक्यातले, तंबाखूच्या वखारींचे आणि बिड्यांचे गाव. पुणे-बंगळूर महामार्गावरचे, कोल्हापूर चाळीस किलोमीटर आणि बेळगाव जवळजवळ त्याच्या दुप्पट. चित्रपट मुंबईला लागे, मग पुण्याला, मग कोल्हापूर-बेळगावला. तिथली गर्दी ओसरली की त्याची प्रिंट लहान गावांच्या वाटेला लागे. पत्र्याच्या गोल डब्यांत रिळे, डबे एका पेटीत आणि पेटी एस.टी.च्या टपावर. ती पेटी स्टँडवर उतरली की आम्हा पोरांना आधी कळे आणि टॉकीजच्या मालकांना नंतर. गावात कुणी ‘अमका पिक्चर आला’ असे म्हणत नसे. ‘लागला’ म्हणत, आणि बहुतेक वेळा ‘पुन्हा लागला’ म्हणत.

‘शोले’ मुंबईत १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. मी तो पहिल्यांदा पाहिला १९८१ च्या दिवाळीनंतर, सातवीत असताना. तोवर मुंबईच्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये तो पाच वर्षे चालून उतरलाही होता. आमच्या गावात मात्र त्याचे नुसते नाव निघाले तरी भिंतीला चिकटवलेल्या पोस्टरची खळ वाळायच्या आत रांग लागे. ती त्याची आमच्याकडची कितवी खेप होती, ते टॉकीजवाल्यांनाही सांगता आले नसते. संवाद तर सगळ्यांना आधीच पाठ होते, कारण चहाच्या हॉटेलात त्या संवादांची तबकडी वाजत असे. पडद्यावर गब्बरसिंग तोंड उघडी आणि खालचा थर्ड क्लास त्याच्या आधी बोलून मोकळा होई. पंतोजीच्या मागून पाढे म्हणण्याची पद्धत आम्हांला ठाऊक होती. इथे पंतोजी मागे आणि मुले पुढे होती.

आमचा ‘शोले’ आणि मुंबईकरांचा ‘शोले’ यांत एक फरक होता, आणि तो गणिताचा होता. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. सव्वातीन तासांचा चित्रपट म्हणजे साडेसतरा हजार फूट फिल्म. एवढी फिल्म रोज तीन-चार वेळा दातेरी चाकांवरून पळवायची. समोर कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी धरून केलेला उजेड. कांड्या जळून आखूड होत जातात, म्हणून ऑपरेटरने दर काही क्षणांनी त्या हाताने जवळ आणायच्या. असे शे-दोनशे खेळ करून आलेली प्रिंट आमच्या हाती पडे. ती तुटायचीच. तुटली की पडदा पांढरा होई, शिट्ट्या वाजत, ऑपरेटरच्या आईबहिणीचा उद्धार होई. आत तो शांतपणे दोन्ही टोके खरवडून, सोल्युशन लावून, एकावर एक दाबून सांधा करी. प्रत्येक सांध्याला एक-दोन चौकटी जात. म्हणजे चित्रपट जसजसा लहान गावात येई, तसतसा तो आखूड होत येई. मुंबईत माणूस घोड्यावरून गोळी लागून पडत असे. आमच्याकडे तो घोड्यावर असे आणि एकदम जमिनीवर असे. मधले पडणे आम्ही मनात करून घेत होतो.

‘शोले’ला फिल्मफेअरचे पारितोषिक एकच मिळाले, आणि ते संकलनाचे. संकलक होते एम. एस. शिंदे. आमच्या टॉकीजचे ऑपरेटरमामा (नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही) हे मोठ्या अभिमानाने सांगत आणि पुढे जोडत, “पहिल्यांदा शिंद्यांनी कापला, मग सेन्सॉरनं कापला, आणि उरलेला मी कापला.” त्यातले सेन्सॉरचे कापणे पुढे येईल.

मामांनी कापलेले तुकडे वाया जात नसत. दहा पैशांना पाच चौकटी असा त्यांचा भाव होता. ज्या चौकटीत अमिताभ तिला जास्त, हेमामालिनीला त्याहून जास्त, ए. के. हंगल फुकट. हे तुकडे आमच्या कंपासपेटीत असत. फ्यूज गेलेल्या बल्बचे मागचे टोक फोडून आतली तार काढायची, त्यात पाणी भरायचे. झाले भिंग. अंधाऱ्या खोलीच्या दारातल्या फटीतून आरशाने ऊन आत सोडायचे, उन्हात फिल्मचा तुकडा उलटा धरायचा, पुढे बल्ब, आणि समोर आजोबांचे धोतर. धोतरावर हातभर मोठा गब्बरसिंग उभा राही. तो हलत नसे, पण आम्ही तोंडाने गोळ्या झाडत असू. उत्तल भिंगातून प्रतिमा उलटी पडते हे मला मास्तरांनी शिकवण्याच्या दोन वर्षे आधीपासून ठाऊक होते. या शास्त्राला गावात कुणी शास्त्र म्हणत नव्हते. ‘पोरं वाया चालली’ असे म्हणत.

मारामारीच्या चित्रपटांचे आम्हांला वेड होते हे खरेच. ‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३) आमच्याकडे आला तेव्हा ब्रूस ली जाऊन कित्येक वर्षे झाली होती, हे कळल्यावर दोन पोरे खरोखर रडली. त्यानंतर महिनाभर गावातल्या केरसुण्यांच्या आणि खराट्यांच्या दांड्या नाहीशा होत होत्या. दोन दांडकी आणि सायकलच्या चेनीचा तुकडा, की झाला नानचाकू. आज माझ्या कार्यालयातल्या कपाटात एक खण जप्त वस्तूंचा आहे. त्यात मोबाईल आहेत, पण तळाशी, माझ्याही आधीच्या मुख्याध्यापकांच्या काळातला, असा एक नानचाकू अजून आहे. भालजी पेंढारकरांचा ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) जत्रेतल्या तंबूत लागे, तेव्हा तलवारी म्हणून तंबाखूची बोदे शिवायचे दाभण वापरण्यापर्यंत मजल गेली होती. तो प्रकार वडीलधाऱ्यांनी वेळीच थांबवला.

आता भाषेविषयी. हा अंक वाचणाऱ्यांना सीमाभाग म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या टॉकीजमध्ये हिंदी, मराठी आणि कानडी असे तिन्ही चित्रपट लागत. भिंतींवरच्या पोस्टरांवर कानडी अक्षरे असत. मी कानडी लिपी पहिल्यांदा वाचली ती पाठ्यपुस्तकात नव्हे, तर राजकुमारच्या पोस्टरवर. चित्र ओळखीचे, म्हणजे खालचे नावही तेच असणार, असे धरून एकेक अक्षर लावत गेलो. पुढे शाळेत कानडी आली तेव्हा निम्मी मुळाक्षरे मला ‘गंधद गुडी’ने (१९७३) शिकवून ठेवलेली होती. त्या चित्रपटात राजकुमार जंगल राखणारा अधिकारी आहे. मारामारी सुरू झाली, की शेजारच्या खेड्यांतून आलेली कानडी पोरे ओरडत, “होडी! होडी!” कानडीत त्याचा अर्थ ‘मार, हाण’. माझा धाकटा भाऊ तेव्हा पाच वर्षांचा होता. तो खुर्चीवर उभा राहून सगळा पडदा शोधत होता आणि मला विचारत होता, “दादा, होडी कुठं हाय रं?” जंगलात होडी कुठून येणार! घरी आल्यावरही त्याचे समाधान झाले नाही. नाव मधल्या तुटलेल्या तुकड्यात गेली असणार, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली.

पुढे १९८२ मध्ये गोकाक चळवळ झाली. शाळेत कानडीला पहिले स्थान मिळावे म्हणून खुद्द राजकुमार गावोगाव फिरले. आमच्या गल्लीत त्या वर्षी मोठा पेच पडला. ज्याच्या फायटिंगला आम्ही टाळ्या वाजवल्या, तोच माणूस आमच्या शाळेच्या फळ्यावरची भाषा बदला म्हणत होता. एका गटाने त्याचे चित्रपट बघायचे नाहीत असे ठरवले. तो निश्चय ‘गंधद गुडी’ पुन्हा लागेपर्यंत टिकला. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात सीमाभाग पेटला, माणसे गेली, तेव्हा गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही. टॉकीज कितीतरी दिवस बंद होती. उघडली तेव्हा कानडी पोरे एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला बसू लागलो. आधी असे कुणी बसत नव्हते. मध्यंतरानंतर अंधारात पुन्हा सगळी सरमिसळ होई, पण दिवे लागले की ज्याची त्याची बाजू.

त्या काळात एक गोष्ट मात्र आम्ही आणि त्यांनी मिळून चघळली. ‘शोले’मधले रामगढ हे उत्तरेकडचे गाव नव्हे, बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत ते उभे केले होते. म्हणजे गब्बरसिंग कर्नाटकाचा. कानडी पोरांना याचा अभिमान, आणि आम्ही म्हणायचो, मग कालिया कोण? विजू खोटे, मराठी. अहमद कोण? सचिन, मराठी. ‘तुमचे डोंगर, आमची माणसे,’ असा तह झाला होता. बंगळूरच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड तमिळ पडद्यावर रजनीकांत झाला, हे कळल्यावर तहाची कलमे वाढली. पुढे १९९५ मध्ये शिवराजकुमारचा, उपेंद्रने दिग्दर्शित केलेला ‘ओम’ आला. बंगळूरच्या गुंडगिरीवरचा हा कानडी चित्रपट पाचशेहून अधिक वेळा पुन्हा प्रदर्शित झाल्याचे सांगतात. आकडा कुणी मोजला मला ठाऊक नाही, पण एस.टी.च्या टपावरची पेटी ज्याने पाहिली आहे त्याला तो अशक्य वाटणार नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझी आई बिड्या वळत असे. वडील वखारीत हमाल होते आणि मी चौथीत असताना गेले. आई मांडीवर सूप घेऊन, भिजवलेले पान कात्रीने कापून, चिमूटभर जरदा भरून, दोरा गुंडाळून दिवसाला हजारभर बिड्या वळी. संध्याकाळी माल तपासणारा माणूस त्यांतल्या मुठीमुठीने बिड्या ‘खराब’ म्हणून बाजूला काढी. त्यांचे पैसे कापले जात. बाजूला काढलेल्या बिड्या मात्र फेकल्या जात नसत. त्यांचे काय होते हे प्रत्येक बाईला माहीत होते आणि कुणी विचारत नव्हते.

पगाराच्या दिवशी चार-पाच जणी मिळून तीनच्या खेळाला जात. सगळ्यांना परवडत नसे. म्हणून जी पाहून येई तिने दुसऱ्या दिवशी शेडमध्ये ‘ष्टोरी’ सांगायची, असा रिवाज होता. आईची ष्टोरी सगळ्यांना आवडे. हात चालू, मान खाली आणि तोंडाने चित्रपट. तीन तासांचा चित्रपट तीन दिवस पुरे. सुट्टीत मी शेडमध्ये पान कापायला बसे, तेव्हा तिचा ‘शोले’ मी तीन वेळा तरी ऐकला आहे. त्यात गाणी नव्हती, वीरू-बसंतीचे लाडिक प्रकरण तर पाच मिनिटांत संपे. ठाकूर मात्र सविस्तर असे. आणि तिच्या ‘शोले’चा शेवट वेगळा होता. हात नसलेला ठाकूर गब्बरला खिळे मारलेल्या बुटांखाली चिरडतो आणि तिथेच मारून टाकतो. पोलीस येत नसत.

मी पडद्यावर पाहिले होते, की पोलीस येतात, ठाकूरला कायदा हाती घेऊ नका म्हणतात आणि गब्बरला धरून नेतात. सातवीतला हुशार मुलगा, मी बोललोच. आईने वर न बघता विचारले, “पोलीस येऊन कवा काय झालंय का रं?”

हे १९८१ साल होते. त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी हजारो शेतकरी आमच्या गावाबाहेर महामार्गावर आठवडे न आठवडे बसून होते. बैलगाड्या, चुली, भजने, सगळे रस्त्यावर. शेवट गोळीबारात झाला आणि शेतकरी मेले. शेडमधल्या कित्येकींचे भाऊबंद त्या रस्त्यावर होते. त्यामुळे आईच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिले नाही. एवढे आठवते, की शेवटचा बूट पडला तेव्हा सगळ्या जणी एकदम दाराकडे बघून हसल्या. दारात माल तपासणारा माणूस उभा होता. त्याला ष्टोरी कळली की नाही कोण जाणे; त्या दिवशी त्याने बिड्या कमी काढल्या, असे आई अजून सांगते.

पुष्कळ वर्षांनी, एम. ए. करीत असताना, मी एका मासिकात वाचले की ‘शोले’चा मूळ शेवट तोच होता. सलीम-जावेद यांनी लिहिला आणि रमेश सिप्पींनी चित्रित केला, तो ठाकूर गब्बरला मारतो असाच. आणीबाणी नुकती लागली होती. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालला नाही. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला आणि पोलीस आले. आईला हे सांगितले तेव्हा तिला काही विशेष वाटले नाही. “मग? मी काय येगळं सांगत हुते?” एवढेच म्हणाली. तिने तो शेवट पाहिला असणे शक्य नव्हते. बिडीच्या शेडमध्ये तो त्यांच्या त्यांनीच तयार केला होता.

तो मूळ शेवट फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी खटपट करून परत उभा केला. मूळ निगेटिव्ह खराब होऊन गेली होती. इंग्लंडमधल्या गोदामात सापडलेल्या जुन्या प्रतींचा त्यांना उपयोग झाला. दुरुस्त केलेला ‘शोले’ जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहराच्या महोत्सवात प्रथम दाखवला आणि १२ डिसेंबर २०२५ रोजी आपल्याकडे चित्रपटगृहांत आला. त्याआधी ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीच्या दिवसांत, असरानी गेले होते. २४ नोव्हेंबरला धर्मेंद्र गेले. अमजद खान, संजीवकुमार यांना जाऊन तर तीन-चार दशके लोटली. पडद्यावर जेलर आला की मुले नेहमीसारखी हसत होती आणि आम्ही जरा उशिराने हसत होतो.

होय, आम्ही गेलो होतो. निपाणीत नव्हे, कोल्हापूरला. निपाणीतली आमची टॉकीज पाडली गेली. तिथे दुकानांचे संकुल आहे. तिचा मृत्यूही मोठा विचित्र. व्हिडिओ आला, केबल आली, टॉकीज तग धरून होती. २००५ नंतर उपग्रहावरून चित्रपट लहान गावांत पोहोचू लागले. पेटी नाही, एस.टी. नाही, मुंबईत आणि आमच्याकडे एकाच शुक्रवारी. इतक्या वर्षांनी निपाणीला पहिल्यांदा ‘रिलीज’ मिळाले, आणि तेव्हापासूनच गर्दी आटू लागली. पहिल्या आठवड्यात बघायचे ते बघून होई, पुन्हा लावायला काही उरत नसे. तिकिटाच्या दराचे म्हणाल तर आमच्या थर्ड क्लासला सव्वा रुपया पडे. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने तिकिटाला दोनशे रुपयांची कमाल मर्यादा घातली आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. त्यामुळे हद्द ओलांडून कोल्हापूरला जाण्यात पैशांचा काही तोटा नव्हता, असे मी घरात पटवून दिले. खरे कारण आईला डॉक्टरकडे न्यायचे होते. दोन्ही कामे एका फेरीत.

आई आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. एका कानाने कमी ऐकू येते, मल्टिप्लेक्समध्ये मात्र त्याची काही अडचण आली नाही. खुर्ची मागे कलते हे कळल्यावर तिने ती सरळ करून घेतली. “झोपाय आलोय का आपण?” पडदा लख्ख होता. एकही रेघ नाही, एकही उडी नाही. घोड्यावरून माणूस पडताना मी पहिल्यांदा पूर्ण पाहिला. मारामारीसाठी इंग्लंडहून माणसे आणली होती त्याचे सार्थक तेव्हा कळले. पनवेलकडच्या रुळांवर चित्रित केलेला आगगाडीवरचा दरोडा आमच्या प्रिंटमध्ये जेमतेम एका दमात संपायचा. इथे तो चालतच राहिला. प्रेक्षक पन्नाससाठ असतील. शिट्टी कुणी मारली नाही. मध्यंतराच्या जरा आधी मागून एकच आली, तीही अर्धवट, बहुधा मारणाऱ्याचे दात आता त्याचे नसावेत.

शेवट आला. ठाकूर, खिळ्यांचे बूट, गब्बर. मी पडद्याकडे न बघता आईकडे बघत होतो. तिचे ओठ हलत होते. शेडमध्ये ज्या क्रमाने सांगत असे त्याच क्रमाने ती पुटपुटत होती, आणि पडदा तिच्या मागून येत होता. गब्बर मेला. पुढे ठाकूर कोसळून रडतो. ते तिला ठाऊक नव्हते. तिच्या ष्टोरीत मारण्यापुढे काही नव्हते. बिड्या मोजायची वेळ झालेली असे. ती बराच वेळ त्या रडणाऱ्या माणसाकडे बघत राहिली. दिवे लागल्यावर म्हणाली, “हे आमी सांगाय पायजे हुतं.” बसमध्ये पुन्हा म्हणाली, “त्या गेल्या सगळ्या. आता कुणाला सांगू?” त्या शेडमधल्या बायकांपैकी हयात अशा तिघी आहेत, एक लेकीकडे गडहिंग्लजला असते. पुढच्या आठवड्यात मी तिला तिथे घेऊन गेलो. दोघी दुपारभर बोलत होत्या. मी बाहेर बसलो होतो. आतून ठाकूरचे नाव एकदाच ऐकू आले. बाकी सगळे बिड्यांचे भाव, कोण कधी गेले आणि तो माल तपासणारा शेवटी किती हाल होऊन मेला, हेच चालले होते.

ऑपरेटरमामांनाही मी सांगायला गेलो. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, डोळ्यांत मोतीबिंदू. “चला, पुढच्या रविवारी तुम्हांला नेतो,” म्हटले. त्यांनी विचारले, “मशीन कोण चालवतो?” मी म्हटले, “कुणी नाही मामा. कॉम्प्युटरवर असतं.” “तुटत न्हाई?” “नाही.” ते जरा वेळ गप्प बसले. मग उठून माळ्यावरून पत्र्याचा एक डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. “हे घेऊन जा. घरात वास सुटलाय, सून वरडतेय.” डबा उघडल्यावर व्हिनेगरचा भपकारा आला. जुनी फिल्म सडू लागली की असाच वास येतो. आत तीस-पस्तीस वर्षांचे तुकडे होते. बरेचसे एकमेकांना चिकटून गेलेले. काही रंग उडून नुसते गुलाबी झालेले. ‘शोले’, ‘डॉन’, राजकुमार, दादा कोंडके, सगळे एकाच डब्यात.

तो डबा आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. दहावीच्या वर्गात या वर्षी एकोणतीस मुले आहेत. मी शिकत होतो तेव्हा एका बाकावर आम्ही चौघे बसत असू, आणि तेवढे एकोणतीस तर मागच्या दोन रांगांतच भरत. प्रकाशाचा धडा आला तेव्हा विज्ञानाच्या सरांना सांगून मी तो तास घेतला. खोलीत अंधार केला, फुटका बल्ब मिळेना म्हणून प्रयोगशाळेतले भिंग घेतले, आणि धोतराऐवजी नकाशाची मागची बाजू. तुकडा उलटा धरल्यावर नकाशावर गुलाबी गब्बरसिंग सुलटा उभा राहिला. मुलांनी मोबाईलवर त्याचे कितीतरी विनोद पाहिलेले आहेत, तरी ओरडलीच.

मग एका मुलीने तुकडा हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरला आणि चौकटीच्या कडेला असलेली वेडीवाकडी पांढरी रेघ दाखवून विचारले, “सर, ही कशाची रेघ?”

तो आवाज, मी सांगितले. त्या रेघेतून उजेड पाठवला की त्याचा आवाज होतो. पण यंत्रात चित्र दिसण्याची जागा आणि आवाज वाचण्याची जागा वेगळी असते, म्हणून आवाज चित्राच्या वीस-एकवीस चौकटी पुढे छापलेला असतो. या तुकड्यावर गब्बर आहे, पण आवाज त्याच्या त्या क्षणाचा नाही. थोड्या नंतरच्या चित्राचा आहे.

“मग ह्याचा आवाज कुठं गेला?”

“याच्या मागच्या तुकड्यावर.”

“तो कुठाय सर?”

मी डबा पुढे सरकवला. घंटा झाली तरी सहा-सात जण चिकटलेल्या फिल्मच्या गठ्ठ्यातून तो शोधत बसले होते.